टाकेबाईंची सरावपेटी

थांबा, थांबा! झाकण उघडू नका. तिथूनच ऐका. मी पेटी बोलतेय. दागिन्यांची नव्हे, कपड्यांची नव्हे आणि मतांची तर नव्हेच नव्हे. मी सर्जन लोकांच्या सरावाची पेटी. पोटावर मोठा काप न घेता तीन-चार बारीक भोकांतून लांब दांड्यांची हत्यारं आत घालायची आणि दुर्बिणीतून येणारं चित्र स्क्रीनवर बघत ऑपरेशन करायचं, असं हल्ली करतात ना? ते माणसावर करण्याआधी माझ्यावर शिकतात. स्वतःची टिमकी वाजवू नये हे मला कळतं. पण गोष्टच अशी आहे, की सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म हॉस्पिटलच्या तळघरात, यंत्रं दुरुस्त करायच्या खोलीत झाला. मला घडवलं मिस्त्रीकाकांनी. रक्तदाबाच्या यंत्रापासून लिफ्टच्या दारापर्यंत काहीही बिघडलं, की सगळे त्यांच्याच नावाने ओरडतात. त्यांनी प्लायवूडचं खोकं केलं, त्यावर जाड रबराचं झाकण बसवलं, झाकणाला भोकं पाडली, आत दिव्यांची पट्टी लावली. आतल्या फळीवर सहा खुंट्या ठोकल्या. समोर एक छोटा कॅमेरा बसवला, तो माझा डोळा. त्याला जे दिसेल ते माझ्या डोक्यावरच्या स्क्रीनवर दिसायचं.

तो डोळा काकांनी दोन स्क्रू लावून असा आवळला, की माझं प्लायवूड करकरलं. "आता भूकंप आला तरी हलायचा नाही," असं म्हणून त्यांनी हात झटकले. मास्तरांनी त्यांची पाठ थोपटली आणि मीसुद्धा मनातल्या मनात फुगले. त्या दोन स्क्रूंनी पुढे केवढा घोळ घातला ते येईलच.

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत बरं का. ते चाळिशीच्या आतले सर्जन, दुर्बिणीची ऑपरेशनं शिकवण्याचं काम त्यांच्याकडे. शिकवण्याची इतकी हौस, की चहा कसा ढवळावा हेही समजावून सांगतील. म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणतात.

तिसऱ्या मजल्यावरच्या प्रशिक्षणाच्या खोलीत मला टेबलावर ठेवलं आणि शिकाऊ डॉक्टर येऊ लागले. काय सांगू त्यांच्या एकेक तऱ्हा! कुणाची जीभ बाहेर येते, कुणाचे खांदे कानांना लागतात, कुणी श्वास असा धरून ठेवतं की मलाच गुदमरायला होतं. चिमट्याने एक रबरी कडी उचलून दुसऱ्या खुंटीवर ठेवायची, एवढंच काम. पण भोकातून हत्यार घातलं की सगळं उलटं होतं. हात डावीकडे नेला, तर आतलं टोक उजवीकडे पळतं. हात वर केला, तर ते खाली बुडी मारतं. भल्याभल्यांना घाम फुटतो आणि कडी पडली की बोलणी मला बसतात! त्यात एक खेळाडू होता. लहानपणापासून व्हिडिओ गेम खेळलोय, माझ्यासाठी हे किस झाड की पत्ती, असं पहिल्याच दिवशी म्हणाला. त्याच्या हातून ओळीने अकरा कड्या पडल्या. मी मोजल्यात.

अशी दोन वर्षं गेली, आणि मग एका सोमवारी टाकेबाई आल्या.

बाई या हॉस्पिटलमधल्या सगळ्यांत जुन्या सर्जन. वय चौपन्न. पोट उघडून ऑपरेशन करण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. त्यांचा टाका इतका सुबक, की महिन्याभराने पेशंटला शोधावा लागतो, म्हणून हे टोपणनाव पडलं. बाईंची बोटंच बघायची. आत हात घातला, की कुठे खडा आहे, कुठे सूज आहे, हे बोटं त्यांना सांगायची. मास्तरसुद्धा त्यांच्याच हाताखाली तयार झालेले.

पण हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांनी नियम काढला होता. येत्या तीन महिन्यांनंतर पित्ताशयाचं प्रत्येक ऑपरेशन इथे दुर्बिणीनेच सुरू करायचं. जे सर्जन हे शिक्षण पुरं करणार नाहीत, त्यांनी बाहेर पेशंट तपासावेत, ऑपरेशन थिएटरमध्ये येऊ नये. शिक्षण पुरं होण्यासाठी आधी माझ्यावर परीक्षा, नंतर मास्तरांच्या देखरेखीखाली खरं ऑपरेशन. खऱ्या ऑपरेशनसाठी दोनच संधी. म्हणजे वीस वर्षं ज्या खोलीत बाईंचा शब्द अखेरचा होता, त्याच खोलीचं दार त्यांना बंद होणार होतं.

"मॅडम, बसा ना," मास्तर घाईघाईने खुर्ची पुढे करत म्हणाले.

"उभ्यानेच करतात ना हे? मग उभ्यानेच शिकव. आणि हे बघ, इथे मला मॅडम-बिडम करू नकोस."

"मग काय म्हणू?"

"चुकलं की चुकलं म्हण. बाकी काहीही म्हण."

मास्तरांनी लाल कडी उचलायला सांगितली. बाईंनी हात डावीकडे नेला, टोक उजवीकडे गेलं. बाईंनी पुन्हा नेला, ते पुन्हा पळालं. तिसऱ्यांदा कडी पकडली आणि पडली. पाचव्यांदा पडल्यावर बाईंनी दोन्ही हत्यारं बाजूला ठेवली, सरळ माझं झाकण उघडलं, बोटांनी कडी उचलली आणि खुंटीवर ठेवली. "हं, झालं. पुढे?"

खेळाडूने ओठ गच्च दाबून धरले होते. मास्तर हळूच म्हणाले, "मॅडम, पेशंटला असं झाकण नसतं हो."

पहिल्यांदा हसल्या त्या बाईच. मग सगळी खोली हसली. पण मी त्यांचे हात बघत होते. हातमोजे काढून त्यांनी ते उलटसुलट करून पाहिले, जणू ते दुसऱ्याच कुणाचे होते. मला गलबलून आलं.

त्याच संध्याकाळी, घरी सराव करता यावा म्हणून, मला बाईंच्या गाडीच्या मागच्या सीटवर बसवलं, वर पट्टाही लावला. माझा पहिलावहिला प्रवास! बाईंच्या घरी मला जेवणाच्या टेबलावर जागा मिळाली. घरात दोघंच. बाईंचे यजमान म्हणजे निवृत्त भूगोल शिक्षक. माणूस लाख मोलाचा, पण तोंडाची टकळी काही थांबत नाही. भिंतीवर त्यांनी काढलेले फोटो होते आणि त्या प्रत्येक फोटोत डोंगर, समुद्र, नातेवाईक सगळे एका बाजूला कलंडलेले.

रोज जेवण झालं, की बाई माझ्यापुढे उभ्या राहायच्या आणि यजमान घड्याळ धरायचे. सहा कड्यांना पहिल्या दिवशी सात मिनिटं लागली. कडी पडायची, बाई उचलायच्या, पुन्हा पडायची. एकदा त्यांनी मध्येच थांबून विचारलं, "अहो, खरं सांगा. माझ्या हातांचं वय झालं का?"

"हातांचं मला माहीत नाही," यजमान म्हणाले, "पण ती कडी पडताना ऐकून ऐकून माझे कान पिकलेत. आता एक तरी धड ठेव बघू."

दुसऱ्या आठवड्यात सात मिनिटांची चार झाली. पाचव्या आठवड्यात दीड. मग बाईंनी सुई-दोरा घेतला. माझ्या आत रबराची कातडी ताणून तिला टाका घालायचा आणि आतल्या आतच गाठ मारायची. चिमट्याच्या दोन टोकांनी गाठ मारणं म्हणजे चॉपस्टिकने बुटाची नाडी बांधण्यासारखं आहे. पण टाका म्हणजे बाईंचा प्रांत! एकदा हातांना उलटी दिशा उमगली, आणि मग काय विचारता! तोच सुबक टाका, तीच घट्ट गाठ, फक्त या वेळी तो माझ्या पोटात पडला होता. माझ्या अंगावर शहारे आले.

माझ्यावरची परीक्षा झाली, त्यात बाई पहिल्या आल्या. खेळाडूपेक्षाही बावीस सेकंद कमी. तो खिलाडूपणे म्हणाला, "मॅडम, तुम्ही लपूनछपून गेम खेळता का?" खोलीत टाळ्यांचा कडकडाट झाला. मला तर माझं प्लायवूड अपुरं पडू लागलं होतं.

चार दिवसांनी खरं ऑपरेशन. दुपारी बाई आणि मास्तर परत आले ते मान खाली घालून. मागून खेळाडू आला, त्याचा चेहरा रडवेला. पेशंट सुखरूप होता, पण ऑपरेशन मास्तरांनी पुरं केलं होतं. बाईंच्या हातून झालं नव्हतं.

"सुरुवात चांगली झाली," बाई सावकाश म्हणाल्या. "मग चित्र कलंडलं. वरचं खाली, डावं भलतीकडेच. मला कळेना माझा चिमटा कुठे आहे. मी हात थांबवले आणि या मास्तरला म्हटलं, तू घे."

"कॅमेरा माझ्या हातात होता, सर," खेळाडू पुटपुटला. "माझा हात अवघडला होता. फिरला थोडा."

"तुझी चूक नाही रे. कॅमेरा धरणाऱ्याचा हात हलणारच. माझंच वय झालंय. साहेबांना सांगते, दुसरी संधी नको मला."

काय सांगू तुम्हाला माझी अवस्था! मला ओरडावंसं वाटत होतं, पण पेटीला तोंड कुठलं?

त्या वेळी मिस्त्रीकाका माझी दिव्यांची पट्टी बदलायला आले होते. ते खाली वाकून सगळं ऐकत होते. मान वर करून त्यांनी साधेपणाने विचारलं, "मास्तर, तिकडे ऑपरेशनमध्ये कॅमेरा कुणीतरी हातात धरतं होय? मला वाटलं, तोपण स्क्रूनेच बसवलेला असतो."

मास्तर माझ्याकडे बघत राहिले. माझ्या डोळ्याकडे, डोळ्याच्या दोन स्क्रूंकडे. मग त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

"दोन वर्षं! दोन वर्षं मी सगळ्यांना न हलणाऱ्या चित्रावर शिकवतोय! पहिल्या ऑपरेशनला प्रत्येक जण चाचपडतो, आणि मी समजतो ते घाबरले. अहो, मी त्यांना हलणारं चित्र कधी दाखवलंच नाही!"

"म्हणजे माझं वय..." बाईंनी विचारलं.

"वयाचं काय घेऊन बसलात मॅडम! तुम्ही जे शिकलात ते उत्तम शिकलात. मीच अर्धं शिकवलं. चुकलं माझं. काका, पेचकस आणा!"

काकांनी स्क्रू फिरवले. एक निघाला, दुसरा जरा अडला, मग तोही निघाला. माझा डोळा सुटला! मास्तरांनी तो एका दांडीला बांधून भोकातून आत घातला आणि हाताने इकडे-तिकडे फिरवला. माझं स्वतःचंच पोट मी पहिल्यांदा चारी बाजूंनी पाहिलं. खुंट्यांची पाठ कशी दिसते, कोपऱ्यात किती धूळ आहे, आणि खेळाडूने हरवलेली हिरवी कडी कुठे पडली आहे! आपल्यात दोष होता हे कळल्यावर माणसं खट्टू होतात म्हणे. मला तर नवा जन्म मिळाल्यासारखं झालं.

दुसऱ्या संधीला आठ दिवस होते. मी पुन्हा बाईंच्या जेवणाच्या टेबलावर. या वेळी घड्याळ नाही, यजमानांच्या हातात थेट माझा डोळा! आणि हे यजमान म्हणजे ज्यांच्या फोटोत समुद्रसुद्धा सांडतो असे. वर बोलायला लागले, की बोलण्याबरोबर हातही फिरणार.

"तर काय झालं, आमचे मुख्याध्यापक एकदा..."

"अहो, मुख्याध्यापक राहू द्या, सरळ धरा! थोडं मागे. आता डावीकडे. अजून. बास, थांबा तिथेच."

"तुझ्यासमोर बोलायचीही चोरी!"

"बोला हो, खुशाल बोला. पण कॅमेरा माझं ऐकू दे."

अशाने बाई एक नवीनच गोष्ट शिकल्या. आजवर त्यांचे हातच सगळं करत आले होते. आता दुसऱ्याच्या हाताला शब्दांनी चालवायचं होतं, शांतपणे, न चिडता, नेमकं.

एकदा तर कहर झाला. बाईंची सुई रबराच्या कातडीत अर्धी शिरली होती आणि खिडकीत खार आली. यजमानांनी हौसेने कॅमेराच माझ्यातून उपसला आणि खिडकीकडे वळवला. "अगं, बघ, बघ!" स्क्रीनवर भली मोठी खार शेंगदाणा खातेय! बाई दचकल्या, हात ओढला गेला, आणि टर्रकन कातडी फाटली.

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "अहो, हे माणसाचं पोट असतं तर?"

यजमान गप्प झाले. आयुष्यात पहिल्यांदा बहुधा. मग म्हणाले, "असं कर. मी पुन्हा पुन्हा कॅमेरा काढतो. न सांगता. चित्र गेलं, की तू जिथे असशील तिथेच थांबायचं. मी परत येईपर्यंत."

त्यानंतर रोज हाच खेळ. चित्र मध्येच नाहीसं व्हायचं आणि बाईंचे हात जागच्या जागी थबकायचे. पाच सेकंद, वीस सेकंद. एकदा यजमान दार उघडायला म्हणून उठून गेले आणि शेजाऱ्यांशी गप्पा मारत बसले. परत आले तेव्हा बाईंचा चिमटा होता तिथेच होता. नंतर बाईंनी त्यांना जे काही ऐकवलं, ते मी इथे सांगत नाही.

अखेर तो दिवस उजाडला. पेशंट होती इमारती रंगवणारी एक कारागीर. तपासणीच्या वेळी तिने बाईंना सांगितलं होतं, "डॉक्टर, पोटावर मोठा काप नको हो. मला शिडी चढायची असते." थिएटरमधलं चित्र आणि आवाज त्या दिवशी प्रशिक्षणाच्या खोलीतल्या भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर जोडला होता. सगळे शिकाऊ डॉक्टर खुर्च्यांवर, मिस्त्रीकाका दाराशी, आणि टेबलावर मी. तिकडे बाईंसमोर मास्तर उभे होते आणि कॅमेरा पुन्हा खेळाडूच्याच हातात होता. बाईंनीच त्याला मागून घेतलं होतं.

पहिला अर्धा तास झकास! चित्र कलंडलं, की आवाज यायचा, "सरळ कर. हं. आता जरा जवळ ये." बाईंचे चिमटे असे चालत होते, की शिकाऊ डॉक्टर पुढे सरकत सरकत खुर्चीच्या टोकाशी आले. पित्ताशयाची नळी दिसली, तिच्यावर ती बंद करणारा चाप बसला. शेजारची बारीक रक्तवाहिनी मोकळी होत होती.

आणि एकाएकी स्क्रीन लाल झाली. सगळी लाल! वाहिनी फुटून रक्ताची चिळकांडी थेट कॅमेऱ्याच्या काचेवर उडाली होती.

कुणीतरी किंचाळलं. स्पीकरवर खेळाडूचा कापरा आवाज आला, "मॅडम, काही दिसत नाही, काही दिसत नाही!"

"मलाही दिसत नाही," बाईंचा आवाज. अगदी शांत. "काच लाल व्हायच्या आत वाहिनी माझ्या चिमट्यात आलीय. मी ती सोडणार नाही. तू कॅमेरा बाहेर काढ, गरम पाण्यात बुडव, पूस, आणि आलास त्याच वाटेने परत ये."

मग मास्तरांचा आवाज. "मॅडम, पोट उघडायचं का?"

अहो, विचार करा! पोट उघडणं म्हणजे बाईंचं राज्य. दोन मिनिटांत त्यांनी सगळं हातात घेतलं असतं, डोळे मिटून.

"उघडायची तयारी ठेवा," बाई म्हणाल्या. "परत दिसलं आणि रक्त थांबलेलं नसलं, तर उघडू. त्यात कसला कमीपणा नाही. शिडी नंतर, आधी जीव. पण आधी मला बघू दे."

स्क्रीनवर आता थिएटरचं छत, दिवे, मग पाण्याचं भांडं, मग फडकं. मिस्त्रीकाकांनी दारातून पुढे येऊन माझ्या झाकणावर हात ठेवला होता, घामाने ओला. मी मनात म्हणत होते, बाई, हलू नका. बाई, हलू नका.

खेळाडू आलेल्या वाटेने परत आत गेला. चित्र धूसर होतं, मग स्वच्छ झालं. चिमटा होता तिथेच! केसभरही हललेला नाही. त्याच्या टोकात ती वाहिनी गच्च धरलेली, आणि भोवती रक्ताचा नवा थेंब नाही.

"जवळ ये," बाई म्हणाल्या. "शाब्बास. चाप दे." खट्. एक चाप बसला. खट्. दुसरा. चिमटा अलगद सुटला. वाहिनी कोरडी.

मग जो आरडाओरडा झाला खोलीत! कुणी खुर्चीवर चढलं, कुणी कुणाला मिठी मारली. मिस्त्रीकाका डोळे पुसत माझ्यावर थापा मारत होते, आणि दर थापेला माझ्या आतल्या कड्या उड्या मारत होत्या. पुढच्या पाऊण तासात पित्ताशय खड्यांसकट पिशवीत घालून बाहेर आलं. पोटावर चार बारीक भोकं, बस्स. तिसऱ्या आठवड्यात ती कारागीर फेरतपासणीला आली. बाईंनी हलकी कामं सांगितली, तर म्हणाली, "शिडीच्या फक्त पहिल्या दोन पायऱ्या चढले हो!" आणि बाईंची बोलणी खाऊन गेली.

टाकेबाई आता आठवड्यातून तीन दिवस ऑपरेशन करतात आणि शनिवारी माझ्यापाशी उभ्या राहून शिकवतात. इथे आता कुणी एकट्याने सराव करत नाही. एक जण हत्यारं धरतो, दुसरा माझा डोळा. बाई मध्येच तो डोळा उपसून त्यावर हात ठेवतात आणि स्क्रीन काळी होते. नवखा दचकला, तर बाई रागावत नाहीत. "पुन्हा," एवढंच म्हणतात.

मी आता म्हातारी झालेय. झाकणाची भोकं सैल पडलीत, रबराला ठिगळं आहेत, एक खुंटी डुगडुगते. शेजारच्या टेबलावर मिस्त्रीकाकांनी बनवलेल्या तीन नव्या पेट्या आल्यात, नाकं वर करून बसलेल्या. मला त्याचं दुःख नाही.

तुम्ही उद्या पहिल्यांदा हत्यार हातात धरणार असाल, तर माझ्याकडे या. कडी पडेल, सुई निसटेल, गाठ सुटेल. चिडा माझ्यावर, हवं तर दोन शिव्या द्या. रबर फाटलं तर फाटू द्या, काका नवीन लावतील. हव्या तेवढ्या चुका करा, पण त्या इथे करा. मला रक्त येत नाही.